गणपतीचा फ्लायर छापायला टाकण्याआधी एकदा पोस्टाचं गणित बघा

जुलै उजाडला की आमच्या दुकानात मराठी मंडळांचे फोन सुरू होतात. मी न्यू जर्सीत एका छोट्या प्रिंटिंग आणि मेलिंगच्या दुकानात काम करते, म्हणजे लोकांचे फ्लायर, कार्डं, वर्गणीची पत्रं आम्ही छापतो, पत्ते मारतो आणि पोस्टात नेऊन देतो. फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा डिझाईन फायनल झालेलं असतं, कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचा होकार आलेला असतो, कधीकधी तर छापूनसुद्धा झालेलं असतं, आणि मग विचारतात, "ताई, पोस्टेज कमीत कमी किती पडेल?" आता काय सांगू, पोस्टेज ठरतं ते कागदाचा साईज ठरतो त्या दिवशी. पोस्टाच्या खिडकीशी पोचल्यावर फक्त पैसे द्यायचे असतात, कमी करायला तिथे काही उरलेलं नसतं.

हे मला मनापासून लागतं, कारण मंडळाचा पैसा म्हणजे वर्गणीचा पैसा. अमेरिकेत साध्या पत्राचा स्टँप जुलै २०२५ मध्ये ७३ सेंटवरून ७८ सेंट झाला. त्या दराने ६०० घरांना एक पाकीट पाठवायचं तर नुसते स्टँपच ४६८ डॉलरचे, छपाई वेगळी, पाकिटं वेगळी. तेच ६०० नग नीट तयार करून, योग्य दरात, मंडळाला लागू असलेली सवलत घेऊन पाठवले तर ढोबळमानाने एक तृतीयांशात काम होतं. उरलेल्या पैशात मुलांच्या कार्यक्रमाचा साऊंडवाला येतो. त्यामुळे यावर्षी म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा लिंक पाठवता येईल.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या की पोस्ट स्वस्त दर देतं तरी का. उपकार म्हणून देत नाही. तुम्ही पोस्टाचं काम आधीच घरी करून देता म्हणून देतं. पत्ते तपासलेले, मशीनला वाचता येईल असा बारकोड मारलेला, झिप कोडप्रमाणे, म्हणजे इथल्या पिनकोडप्रमाणे, गठ्ठे लावलेले, ट्रेमध्ये भरलेले, असं सगळं आयतं नेऊन दिलं की त्यांची माणसं आणि मशीनं कमी राबतात, आणि त्यातला काही भाग ते तुम्हाला दरात सोडतात. जेवढं जास्त काम तुम्ही केलं तेवढा दर कमी. जाहिरातीच्या छापील मेलला इथे मार्केटिंग मेल म्हणतात, २०१७ पर्यंत त्याचं नाव स्टँडर्ड मेल होतं आणि जुनी माणसं अजून बल्क मेलच म्हणतात. पाकिटाच्या कोपऱ्यात स्टँपऐवजी जो छापील चौकोन असतो त्यावर अजूनही जुन्या नावाची अक्षरं असतात, ती बघून गोंधळू नका. एका वेळी किमान २०० नग किंवा ५० पौंड वजन लागतं, आणि सगळ्यांतला मजकूर छापील आणि सारखा हवा. एखाद्याला खाजगी पत्र, बिल, स्टेटमेंट असलं काही या दरात चालत नाही.

हे झिपचं प्रकरण आपल्याला नवीन नाही. इथे झिप कोड १ जुलै १९६३ ला आला, आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले, पोस्टात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतचे कवीही होते. दोन्हींमागचा विचार एकच आहे. पत्ता वाचता येवो न येवो, त्या आकड्यांवरून पत्र कुठल्या दिशेला, मग कुठल्या सॉर्टिंग केंद्रात, मग कुठल्या ऑफिसात जाणार हे कळलं पाहिजे. इथे तोच आकडा पुढे वाढवत नेला, १९८३ ला त्यामागे आणखी चार आकडे लागले, आणि आता पाकिटावर जो उभ्या काड्यांचा बारकोड दिसतो, ६५ काड्या असतात त्यात, त्यात पत्र थेट कुठल्या दारात टाकायचं इथपर्यंत सगळं असतं. हा बारकोड असेल तर ऑटोमेशनचा, म्हणजे मशीनवर लागणाऱ्या मेलचा स्वस्त दर मिळतो, नसेल तर वरचा दर.

आता साईज. इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात कमी लोक विचार करतात.

पोस्टाच्या हिशोबात लेटर म्हणजे किमान साडेतीन इंच उंच आणि पाच इंच लांब, आणि जास्तीत जास्त सहा पूर्णांक एक अष्टमांश इंच उंच आणि साडेअकरा इंच लांब, जाडी पाव इंचापर्यंत. याच्या बाहेर गेलं की ते फ्लॅट होतं, म्हणजे मॅगझिनसारखं मोठं, आणि फ्लॅटचा दर लेटरच्या दुपटीच्या घरात जातो. साईजमध्ये बसलं तरी अजून एक अट आहे, लांबी भागिले उंची हे उत्तर १.३ ते २.५ च्या मध्ये आलं पाहिजे. आणि लांबी म्हणजे मोठी बाजू नव्हे हं, पत्ता ज्या दिशेने लिहिलाय त्या दिशेची बाजू म्हणजे लांबी. म्हणजे सुंदर चौकोनी कार्ड, पाच बाय पाच किंवा सहा बाय सहा, जे इन्स्टाग्रामच्या पोस्टवरून तसंच्या तसं उचललेलं असतं, त्याचं उत्तर येतं १ आणि ते मशीनच्या बाहेर. पाच बाय सातचं कार्ड आडवं ठेवलं तर १.४, मस्त बसतं, पण तेच उभं धरून पत्ता लिहिला, कारण गणपतीचा फोटो उभा आहे म्हणून मागची बाजूपण उभीच डिझाईन केली, तर उत्तर ०.७१ आणि परत मशीनच्या बाहेर. चार बाय अकराची लांबुडकी पट्टी केली तर २.७५, तीही बाहेर. मशीनच्या बाहेर म्हणजे पत्र जात नाही असं नाही, जातं, पण ते वेगळ्या दरात जातं आणि प्रत्येक नगामागे जो फरक पडतो तो ६०० ने गुणला की रक्कम डोळ्यांत भरते. मुंजीच्या, लग्नाच्या पत्रिकांनाही हाच नियम आहे, चौकोनी पत्रिका असेल किंवा आत मण्यांची लडी, लाखेचा शिक्का असं काही जाड असेल तर साधा स्टँप पुरत नाही.

बरेच जण वजनाला घाबरतात आणि साईजला घाबरत नाहीत, आणि ते बरोबर उलटं आहे. मार्केटिंग मेलच्या लेटरला साडेतीन औंसापर्यंत एकच दर असतो. म्हणजे पाकिटात एक कागद घाला नाहीतर चार घाला, पाव इंचाच्या आत आणि साडेतीन औंसाच्या आत असाल तर पोस्टेज तेवढंच. स्टँप लावून फर्स्ट क्लासने पाठवता तेव्हा औंसाऔंसाला पैसे वाढतात, इथे वाढत नाहीत. मग गणपतीच्या फ्लायरसोबतच वर्षभराचं कार्यक्रमांचं वेळापत्रक, मराठी शाळेचा फॉर्म, दिवाळी अंकाची माहिती हे सगळं एकाच पाकिटात का नाही घालायचं? मी प्रत्येक मंडळाला हेच सांगते, वर्षात तीन हलकी मेलिंग करण्याऐवजी दोन भरलेली करा. एवढ्या एका निर्णयाने जेवढे वाचतात तेवढे बाकी कशानेच वाचत नाहीत.

दुसरीकडे अगदी पातळ कागदपण चालत नाही. कार्ड किमान ०.००७ इंच जाड लागतं आणि सव्वाचार बाय सहापेक्षा मोठं असेल तर ०.००९ इंच. स्वस्तात छापून देणाऱ्या ऑनलाईन कंपन्यांच्या साईटवर कागदाची जाडी नीट बघून घ्या, पॉइंटमध्ये लिहिलेली असते, ९ पॉइंट म्हणजे ०.००९ इंच, आणि १४ पॉइंट घेतलं की काही चिंता नाही.

पत्त्याच्या बाजूचं डिझाईन करताना उजवा खालचा कोपरा मोकळा सोडा. नियमात तो पावणेपाच इंच लांब आणि पाच अष्टमांश इंच उंच असा पट्टा आहे, बारकोडसाठी. तिथे तोरण नको, मोदकाचा वॉटरमार्क नको, स्पॉन्सरचा लोगो तर नकोच नको. तळापासून पाच अष्टमांश इंचावर ते पावणेतीन इंचापर्यंतच्या भागात पत्ता असतो आणि मशीन पत्ता तिथेच शोधतं, त्यामुळे त्या पट्ट्यात हॉलचा पत्ता किंवा "संपर्क" म्हणून कोणाच्या घरचा पत्ता छापला तर मशीन तोच पत्ता वाचून पत्र तिकडे पाठवू शकतं. सगळी ६०० पत्रं शाळेच्या हॉलवर जाऊन पडली तर काय होईल याचा विचार करा. हॉलचा पत्ता दुसऱ्या बाजूला टाका, तिथे हवा तेवढा मोठा टाका. देवनागरी मजकूर पाकिटावर चालतो, छान दिसतो, "गणपती बाप्पा मोरया" मोठ्या अक्षरात जरूर लिहा, पण पत्त्याच्या आजूबाजूला आणि खाली काही नको, आणि पत्ता मात्र इंग्रजीतच लागतो. अजून एक, पत्त्याच्या बाजूला यूव्ही कोटिंग करू नका. चकचकीत कोटिंगवर आमच्या मशीनची शाई वाळत नाही, बारकोड फिसकटतो, आणि मग लेबल चिकटवत बसावं लागतं ज्याचे पैसे वेगळे. समोरची बाजू कितीही चमकवा, मागची मॅट ठेवा.

घडीचे फ्लायर करणार असाल, म्हणजे पाकीट नाही, कागदच दुमडून त्यावर पत्ता, तर जानेवारी २०१३ पासून त्याचे नियम बरेच कडक झालेत. शेवटची घडी खाली आली पाहिजे आणि उघडी बाजू वर, कारण मशीनमध्ये पत्र खालच्या कडेवर उभं धावतं आणि खालून उघडं असेल तर फाटतं. वर एक इंचाचे गोल चिकट टॅब लावायचे, औंसापर्यंतच्या फ्लायरला दोन. स्टेपलर मारू नका, प्लीज. दरवर्षी कोणीतरी स्वयंसेवक मंडळी एकत्र बसवून, चहा-भजी करून, सगळे फ्लायर स्टेपल करून आणतात आणि मग आम्हाला ते काढत बसावं लागतं. हौस मोठी असते त्यामागे, ती वाया गेली की मलाच वाईट वाटतं. टॅब लावायला मशीन असतं, ते काम दुकानावर सोडा.

आता यादीकडे येऊ, आणि खरं सांगायचं तर साईजनंतर सगळ्यात जास्त पैसे इथे जळतात. मार्केटिंग मेल पत्ता बदललेल्या माणसामागे फिरत नाही, परतही येत नाही. विशेष सूचना छापली नसेल तर सरळ टाकून दिलं जातं आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. फर्स्ट क्लासमध्ये पत्र नव्या पत्त्यावर पाठवलं जातं, इथे नाही. आणि आपली तरुण मंडळी किती घरं बदलतात बघा, आधी जर्सी सिटीत भाड्याने, मग एडिसनमध्ये काँडो, मग पोरं शाळेत जायला लागली की प्लेन्सबरो नाहीतर वेस्ट विंडसर. मंडळाच्या एक्सेल शीटमध्ये मात्र त्यांचा जर्सी सिटीचा पहिला पत्ता तसाच. म्हणजे छपाईचे पैसे गेले, पोस्टेज गेलं, आणि ते कुटुंब म्हणतं आम्हाला मंडळाचं काही कळतच नाही.

पोस्टाचा नियमच आहे की स्वस्त दर हवा तर मेलिंगच्या आधीच्या ९५ दिवसांत यादी पत्ताबदलाच्या सरकारी नोंदींशी ताडून बघितलेली पाहिजे. दुकानं हे करून देतात, काही डॉलरचं काम आहे. पण इथे एक आपली खास अडचण येते. ही नोंद नाव आणि पत्ता दोन्ही जुळवून शोधते, आणि आपल्या याद्यांमध्ये नावं कशी असतात, "कुलकर्णी फॅमिली", "मिसेस जोशी", नाहीतर नुसतं टोपणनाव, कोणी "बंड्या देशपांडे" असंही लिहिलेलं मी पाहिलंय. पोस्टाकडे ज्याने फॉर्म भरला त्याचं पूर्ण नाव असतं, मग जुळणार कसं? वर्गणीचा फॉर्म भरून घेतानाच पासपोर्टवर आहे तसं पहिलं नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यात घ्या. अपार्टमेंटचा नंबर घ्याच घ्या, तो नसला तर पत्ता दारापर्यंत जुळत नाही, मग पूर्ण बारकोड बनत नाही आणि तेवढे नग वरच्या दरात जातात. एकाच घरातली नवरा-बायकोची दोन नावं असतील तर एक करा. हे सगळं जानेवारीत करायचं काम आहे, जेव्हा कमिटी बदलते आणि नवीन सेक्रेटरीला उत्साह असतो.

यादी साफ झाली की झिपप्रमाणे लावणं आलं, हे सॉफ्टवेअर करतं. एकाच पाच आकडी झिपला १५० किंवा जास्त नग असतील तर त्यांचा वेगळा ट्रे बनतो आणि त्याला सगळ्यात कमी दर. त्याहून कमी असतील तर मोठ्या भागाच्या ट्रेमध्ये, आणि तिथेही १५० भरले नाहीत तर मिश्र ट्रेमध्ये, आणि दर पायरीपायरीने वाढतो. एडिसनचेच तीन झिप आहेत, ०८८१७, ०८८२० आणि ०८८३७, त्यामुळे "आमची निम्मी माणसं एडिसनची" असं मंडळ म्हणतं तरी एका झिपला १५० होतीलच असं नाही. याची फार काळजी करू नका. लहान यादीत या पायऱ्यांचा फरक नगामागे काही सेंटचा असतो, त्यासाठी उगीच पत्ते वाढवू नका. साईज चुकल्याचा फटका यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

मंडळांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. बहुतेक मंडळं ना-नफा संस्था म्हणून नोंदलेली आहेत, पण त्यातल्या किती मंडळांनी पोस्टाकडे वेगळा अर्ज केलाय? टॅक्सची सूट मिळाली म्हणजे पोस्टाची सवलत आपोआप मिळत नाही. पोस्टाचा वेगळा फॉर्म आहे, ३६२४ नंबरचा, त्याला फी नाही, घटना आणि टॅक्सचं पत्र आणि तुमच्या कार्यक्रमांचे पुरावे जोडायचे, संस्था मुख्यत्वे शैक्षणिक, धार्मिक, परोपकारी अशा कामाची आहे हे दिसलं पाहिजे. नुसता सोशल क्लब असेल तर मिळत नाही. एकदा मंजूर झालं की ना-नफा दर कायद्याने असे बांधलेले असतात की सरासरीने ते व्यापारी दराच्या ६० टक्क्यांच्या आसपास पडावेत. चाळीस टक्के सूट आणि फॉर्म फुकट, आणि तरी मंडळं वर्षानुवर्षं पूर्ण दराने पाठवत राहतात. आणि ज्यांनी घेतलंय त्यांनीही लक्ष ठेवा, सलग दोन वर्षं त्या दरात काहीच पाठवलं नाही तर मंजुरी रद्द होते. कोविडनंतर सगळं ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, कमिट्या बदलल्या, आणि बऱ्याच ठिकाणी हे कागद कोणाच्या तळघरात आहेत हेच कोणाला माहीत नाही. शोधा.

आणि ही सवलत घेतल्यावर स्पॉन्सरचं काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण इथे वाद होतात. ना-नफा दराच्या पत्रात संस्थेचं नाव आणि पत्ता ठळक असला पाहिजे, आणि दुसऱ्याच्या धंद्याची जाहिरात त्या दरात पाठवता येत नाही. इन्शुरन्स, क्रेडिट कार्ड, ट्रॅव्हल यांच्या जाहिरातींना तर नाव घेऊन मनाई आहे, आणि आपले स्पॉन्सर कोण असतात, इन्शुरन्सवाले, इंडियाची तिकिटं काढून देणारे, घरं विकणारे. पण आभार मानायला बंदी नाही. स्पॉन्सरचं नाव, लोगो, पत्ता, फोन नंबर देऊन "यांच्या सहकार्याने" असं लिहिता येतं. "सर्वात कमी व्याजदर, आजच फोन करा" असं लिहिलं की ती जाहिरात झाली आणि पोस्टाच्या काउंटरवर अख्खं मेलिंग व्यापारी दरात जाऊ शकतं. म्हणून स्पॉन्सरशी बोलतानाच सांगा की पोस्टाच्या फ्लायरवर फक्त नाव आणि लोगो येईल, जाहिरात स्मरणिकेत आणि हॉलमधल्या बॅनरवर. आधी सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही, छापून झाल्यावर काढायला सांगितलं तर घेतं.

परमिटचं विचारतात बरेच जण, म्हणजे स्टँपऐवजी तो छापील चौकोन वापरून स्वस्त दरात पाठवायची पोस्टाची परवानगी. स्वतःचं परमिट काढायचं तर अर्जाची फी आणि शिवाय दर वर्षाची मेलिंग फी, आणि वर्षात एक-दोन मेलिंगसाठी ते अजिबात परवडत नाही. मेलिंगच्या दुकानाकडे स्वतःचं परमिट असतं, ते वापरा. मंजुरी तुमची, परमिट दुकानाचं, हे चालतं.

आता मंडळ सोडून धंदेवाल्यांकडे. ओक ट्री रोडवर किंवा आसपास डबे देणारी, कथ्थकचे क्लास घेणारी, मुलांना गणित शिकवणारी आपली बरीच माणसं आहेत, आणि ती विचारतात की "ताई, आपल्याकडे पेपरात पँफलेट टाकतात तसं इथे काही आहे का?" आहे. २०११ पासून पोस्टाची एक योजना आहे जिच्यात नाव-पत्ता काहीच लागत नाही, तुम्ही नकाशावर पोस्टमनचा मार्ग निवडायचा आणि त्या मार्गावरच्या प्रत्येक घरात तुमचा फ्लायर पडतो. एव्हरी डोअर डायरेक्ट मेल, थोडक्यात ईडीडीएम म्हणतात. पोस्टाच्या साईटवर नकाशा उघडला की प्रत्येक मार्गावर किती घरं, साधारण वय, उत्पन्न असं दिसतं. परमिट लागत नाही, यादी लागत नाही, नगामागचं पोस्टेज साधारण पाव डॉलरच्या घरात. एका दिवशी एका झिपला किमान २०० आणि जास्तीत जास्त ५,०००. पन्नास ते शंभरचे गठ्ठे करायचे, वर मार्गाची चिठ्ठी लावायची, आणि ज्या पोस्ट ऑफिसातून तो मार्ग निघतो तिथेच नेऊन द्यायचे, दुसऱ्या ऑफिसात घेत नाहीत.

आणि इथे साईजचा नियम बरोबर उलटा होतो! वर मी म्हटलं ना लेटरच्या आत राहा, तर ईडीडीएमला लेटर चालत नाही, फ्लॅटच लागतो. साडेदहा इंचापेक्षा लांब किंवा सहा पूर्णांक एक अष्टमांश इंचापेक्षा उंच किंवा पाव इंचापेक्षा जाड, यातलं एक तरी पाहिजे. सहा बाय नऊचं कार्ड छापून आणतात लोक आणि ते यात बसत नाही, साडेसहा बाय नऊ बसतं. अर्ध्या इंचाने अख्खी छपाई वाया. सहा बाय अकरा मात्र दोन्हीकडे चालतं, नाव-पत्त्यासकट लेटर म्हणूनही आणि ईडीडीएमलाही, म्हणून नक्की ठरलं नसेल तर मी तोच साईज सुचवते.

पण मंडळांना मी ईडीडीएम सुचवत नाही. एडिसनमध्ये कितीही देसी वस्ती असली तरी त्या मार्गावर गुजराती, तेलुगू, पंजाबी, चिनी, सगळे राहतात, मराठी घरं त्यात मोजकी. डबेवालीला हे चालतं, वरणभात कोणालाही आवडू शकतो आणि दोन मैलांच्या आतला गिऱ्हाईक तिला हवाच असतो. मंडळाला मात्र स्वतःची साफ यादीच सोन्यासारखी आहे.

२०० पेक्षा कमी नग असतील तर या सगळ्याच्या भानगडीत पडू नका. सव्वाचार बाय सहाच्या आतलं साधं पोस्टकार्ड छापा, त्याचा स्टँप पत्राच्या स्टँपपेक्षा स्वस्त असतो, आणि ते फर्स्ट क्लासने जात असल्यामुळे पत्ता बदललेल्यांकडेही पोचतं. ५०० च्या वर असतील आणि तुम्हाला पत्ते बदललेल्यांपर्यंत जायचंच असेल तर प्रीसॉर्ट फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे झिपप्रमाणे आधीच लावून दिलेल्या फर्स्ट क्लासमध्ये, कार्डाचा साईज सहा बाय नऊपर्यंत चालतो, २०२१ पासून. म्हणजे वर ईडीडीएममध्ये वाया गेलेलं सहा बाय नऊचं कार्ड इथे चपखल बसतं. दर ना-नफा मार्केटिंग मेलपेक्षा जास्त, पण तीन-चार वर्षांतून एकदा असं पाठवून यादी ताजी करून घेणं मला पटतं.

वेळेचं शेवटचं. मार्केटिंग मेल पोस्टाच्या सवडीने जातं. जवळच्या भागात तीन-चार दिवसांत पोचतं आणि कधी दहा दिवसही लागतात, कोणी हमी देत नाही. दुकानाला छपाई आणि पत्त्यांना आठवडा धरा. २०२५ ला गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे जुलैअखेरीस फाईल दुकानात पाहिजे होती. आणि २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षं जुलैत दर वाढले, तेव्हा दिवाळीचं बजेट मे महिन्याच्या दराने करू नका. यादीत कमिटीतल्या तीन-चार जणांची घरं मुद्दाम वेगवेगळ्या गावांतली घाला, एक एडिसन, एक पार्सिपनी, एक प्लेन्सबरो असं. कार्ड घरी आलं की ग्रुपवर फोटो टाकायला सांगा. कुठल्या भागात कधी पोचलं हे त्यावरून कळतं, आणि एखाद्या भागात आठ दिवस झाले तरी काहीच आलं नाही तर दुकानाला लगेच फोन करा, मेलिंग दिल्याची पोस्टाची पावती आमच्याकडे असते, त्यावरून चौकशी करता येते.